गोठ्याची घरपट्टी

प्रिय राजनंदिनी,

तुझा ऑनलाइनचा धंदा जोरात चाललाय, असं ऐकते. परवा आमच्या आईनंही तुझ्या गोदामातून मिक्सर मागवला. मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. सरपंच झाल्यापासून मी चिडकी झालेय, असं ती म्हणते. चिडकी मी आधीपासूनच होते, शिक्का तेवढा आत्ता हातात आला.

दहावीच्या सुट्टीतला गुरुवारचा बाजार तुला आठवतही नसेल. बाजारकराचा ठेका तुझ्या वडिलांकडे, विजयसिंहकाकांकडे होता आणि पावत्या फाडायला तू आली होतीस. आई म्हणाली, "आजून भवानी न्हाई झाली बाई, जरा दम धर." तू तिची वांग्यांची पाटी पायानं उलटी केलीस. मागे मी उभी होते, वर्षभर तुझ्याच बाकावर बसलेली. माझ्याकडे बघून तू म्हणालीस, "जागा वापरली की कर द्यावाच लागतो." तो राग मी वीस वर्षं जपलाय.

आता त्या बाजारात जेमतेम सात पाट्या बसतात. यंदा ठेक्याला बोलीच लागली नाही, आणि पाणी सोडणाऱ्या धुळाजीचा पगार त्यातूनच निघायचा. तुझ्याकडे कर मागितला, तर तुझ्या वकिलानं ग्रामसभेत ऐकवलं, विक्री मोबाइलवर होते, जीएसटी वर सरकारला जातो, ग्रामपंचायतीचा संबंध काय? ग्रामसेवकानंही मान डोलावली. चारचौघांत माझी चांगली जिरली.

मग मी घरांचं रजिस्टर काढलं. तुझं अख्खं गोदाम त्यात गुरांचा गोठा! पट्टी कमी लागावी म्हणून काकांनीच तसं लिहून घेतलेलं. मी स्वतः टेप लावून मोजलं, व्यापारी दरानं घरपट्टी बसवली, हरकतीची मुदत जाऊ दिली आणि रीतसर बिल पाठवलं. तुझ्या मॅनेजरनं सही करून ते घेतलं आणि पार्सलांच्या ढिगात टाकलं. तू माजलगावात बसून मोबाइलवर गोदाम चालवतेस, कागद तुला कोण दाखवणार?

यंदा सरपंचपदाला तू उभी राहणार, हे गावभर झालंय. बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत कर भरला नाही, तर माणूस निवडणुकीला अपात्र ठरतो. ते तीन महिने परवा, शनिवारी संपतात. फोन केला असता तर तू दोन मिनिटांत मोबाइलवरून पैसे भरून मोकळी झाली असतीस. म्हणून पत्र लिहिलं, आणि साध्या टपालानं टाकते आहे. सोमवारच्या आत ते पोचत नाही, पोस्टमास्तरांना दोनदा विचारून घेतलंय.

अजूनही तुझीच,
शिवकन्या