हळद आणि हिरवे ठिपके

३ जुलै
आजपासून राग बंद. कॉलेज सोडलं तेव्हाही हेच ठरवलं होतं. सरांच्या टेबलाची काच आधीच तडकलेली होती.
वर्ध्याच्या एका लॅबमध्ये झेब्राफिशच्या टाक्या धुवायची नोकरी लागली. कॉलेजातली सुरभी तिथंच एम.एस्सी.चं काम करते. योगायोग. अर्ज तीनदा केला, ते सोडा.

५ जुलै
सुरभी फेब्रुवारीपासून बोलत नव्हती. आज बोलली. हात साबणानं धुतले का, विचारलं. सुरुवात चांगली आहे.

९ जुलै
तिनं मायक्रोस्कोपमधून माशांची पिल्लं दाखवली. काचेसारखी आरपार. शेपटीच्या स्नायूत सुईची जखम, भोवती हिरवे ठिपके. म्हणे, त्या लढणाऱ्या पेशी. धावून येतात, घाण साफ करतात, निघून जातात. मग स्नायू जुळतो. दोन नंबरच्या डिशमधल्या पिल्लांत त्या आल्या की निघून जातच नाहीत. सूज राहते, जखम तशीच.
मी म्हटलं, याला निष्ठा म्हणतात. ती लिहीत राहिली.

१२ जुलै
दोन नंबरमधलं एक पिल्लू वाकडं पोहतं. फिरून फिरून माझ्याकडेच. जेवताना वरणात दिसलं. आईला सांगितलं नाही.

१४ जुलै
एसटीत डोळे मिटले, हिरवे ठिपके. उघडले, तरी तेच.
सुरभीची विचारपूस करतो: दिवसातून सहा वेळा. जास्त नाही.

१५ जुलै
आई म्हणते, सुजेवर हळद. घरात वायगावचीच आहे. चिमूटभर पुडीत बांधली.

१६ जुलै, स. ११.१०
दोन नंबरच्या डिशमध्ये टाकली. पाणी पिवळं. पिल्लू थांबून माझ्याकडे पाहत राहिलं. सुरभी खूश होईल. शेवटी हळद लागल्याशिवाय लग्न होत नाही.

१७ जुलै
मायक्रोस्कोपखाली सगळंच हिरवं. हळदही त्या उजेडात हिरवी चमकते, हे मला कोणी सांगितलं होतं?
सुरभी ओरडली नाही. "अनुप, मले पेशी मोजाच्या होत्या. आता हळद मोजू काय?" पाच आठवड्यांचं काम गेलं. मी म्हटलं, बरं कराले गेलतो. ती म्हणाली, "तू जा न आता. तू गेल्याबिगर इथं काईच भरत नाई."
दार मी आपटलं नाही. ते जोरातच लागतं.

१८ जुलै
राजीनामा दिला. लॅबच्या सरांनी लिहून ठेवला होता, सही माझी.

२० जुलै
आर्वीला मामाकडे. वर्ध्याचं नाव काढायचं नाही.

३१ जुलै
वर्ध्यात काम निघालं. लॅबसमोर चहा घेतला. खिडकीत सुरभी कुणाशी तरी बोलताना हसत होती. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदाच पाहिली हसताना. मग मी दिसलो. तिनं हिरवा पडदा ओढला. मी खिडकीजवळ गेलो. काचेवर फक्त माझा चेहरा उरला, पडद्यामुळे हिरवट.
आता जाणार नाही. उद्या फक्त, बरी आहे का, एवढं पाहून येतो.