समता मंडळाची पंगत

१ नोव्हेंबर १९६०, मंगळवार
ग्रँटच्या फॉर्मवर ‘संस्थेचे उद्दिष्ट’ या मथळ्याखाली दोन ओळी जागा ठेवली आहे. दोन! मला साधे क्षेमकुशल लिहायला पान लागते. इथे जातिभेद आणि स्त्री-पुरुषभेद यांचा निकाल दोन ओळींत लावायचा. मुंबईच्या ट्रस्टकडे निषेध नोंदवणार. खर्डा तयार. तीन पाने झाली.

उद्दिष्ट खरे म्हणजे एकच. पोलाद कारखान्याच्या बांधकामाशेजारी, मरोद्याला ठेकेदाराच्या कामावर विटा वाहणाऱ्या रेजांच्या, म्हणजे मजूर बायांच्या, मुलांसाठी पाळणाघर. सध्या पोरे ट्रकच्या रस्त्याकडेला सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांवर झोपतात. क्वार्टरमधली आणि झोपडीतली मुले तिथे एकत्र वाढावीत, ही माझी भर. मी समता मंडळाचा चिटणीस. नागपूरच्या साप्ताहिकाचा वार्ताहर, त्यात संस्कृतचा माणूस, म्हणून पद आपोआप चालत आले. (दुसरे कोणी तयार नव्हते, हा तपशील.)

३ नोव्हेंबर, गुरुवार
फॉर्म भरला. ‘वर्णभेदाबाबत केलेले कार्य’: रशियन इंजिनियरशी हस्तांदोलन, दोनदा. ‘महिला-विभाग प्रमुख’: शेजारचे मारोतराव. त्यांना चार बहिणी आहेत. अनुभव दांडगा.

हिने, म्हणजे कमलिनीने, कागद वाचला. म्हणाली, “अहो, काम बायांचं, आणि कमिटीत बाई एकही नाही?” पुढच्या टप्प्यात घेऊ, म्हणालो. तर म्हणे, “मग पोरंही पुढच्या टप्प्यातच निजतील का हो पाळण्यात?” हिचे आणि मैनाबाईंचे नाव घातले. उदारपणे.

मैनाबाई म्हणजे रेजांच्या मुकादमीण. भंडाऱ्याकडच्या. चार वर्षांपूर्वी साऱ्या वस्तीसह बौद्ध झाल्या. त्यांची सून मथुरा. तिच्या सहा महिन्यांच्या मुलीच्या डोळ्यात परवा सिमेंट गेले. डोळा वाचला.

१० नोव्हेंबर, गुरुवार
ट्रस्टचे उत्तर! तपासनीस रत्नमालाबाई वीस तारखेला येणार. अट: मंडळाच्या सभासदांचे रेजांच्या कुटुंबांसह सहभोजन, एका पंगतीत. हात्तिच्या! एवढेच? मी जात मानत नाही, हे मी पंधरा वर्षे भाषणांतून सांगत आलो आहे.
संकल्प: पहिल्या पानावर मी बसणार.

१४ नोव्हेंबर, सोमवार
पित्त उसळले आहे. मारोतरावांनी विचारले, “श्यामराव, पित्त कालपासून का ट्रस्टचं पत्र आल्यापासून?” यांचा विनोद नेहमीच हलका. वैद्याने बाहेरचे अन्न वर्ज्य सांगितले आहे. (वैद्य मीच. पण वाचन आहे.)

२० नोव्हेंबर, रविवार. दुपारी तीन
विजय! साठ पाने उठली. हिने आणि मैनाबाईंनी एकाच चुलीवर भात, वरण, वांग्याची भाजी केली. पाने मांडली आणि बायका सवयीने वाढायला उठल्या, तोच ही कडाडली, “आज बाया बसणार. पुरुषांनी वाढायचं.”

मी तत्काळ वरणाची बादली उचलली. काय तो क्षण! संस्कृतचा पदवीधर, कमरेला उपरणे, वाकून वाकून सर्वांना वाढतो आहे. मैनाबाईंनी विचारले, “बाबूजी, तुमी कावून नाई बसले?” सेवकाने शेवटी जेवावे, म्हणालो. स्वतःचेच वाक्य आवडले. पुढे मारोतराव आणि बाकीचे वाढपी बसले, तेव्हा मी रत्नमालाबाईंना मंडळाची पंचवार्षिक योजना समजावीत होतो. त्यांनी तीनदा माझ्या रिकाम्या पानाकडे पाहिले. बहुधा माझ्या त्यागाकडे.

त्याच दिवशी, संध्याकाळी
भूक. हिला पोहे करायला सांगितले. “दुपारचं वरण उरलं आहे की.” म्हटले, पित्त. पोहे केले. बशी पुढे ठेवून म्हणाली, “मैनाबाईंसोबत वरण ढवळलं, तेच हात आहेत हो हे.” न्यायशास्त्र पाच वर्षे शिकलो. आणखी पोहे मागितले.

२८ नोव्हेंबर, सोमवार
ट्रस्टचे पत्र. काम पसंत, बाया पसंत, पाळणाघराचा नकाशा पसंत. शेवटी: ‘चिटणीसांना जेवताना पाहण्याचा योग आला नाही. सर्व मुलांना एकाच घागरीचे पाणी मिळेल, ही अर्जातली हमी त्यांच्याच सहीची आहे. सबब निर्णय राखून ठेवीत आहोत.’ रत्नमालाबाई रविवारी पुन्हा येणार. जेवण मैनाबाईंच्या घरी. वाढणार मैनाबाई.
उघड गैरसमज. खुलासा लिहिला. चार पाने.

३० नोव्हेंबर, बुधवार
मैनाबाई आल्या होत्या. हिने आत बोलावले, चहा दिला. मी खुलासा वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकला. मग: “बाबूजी, मले यातलं काई समजलं नाई. जेवाले येता का नाई, तेवढं सांगा. लाखोरीचं वरण करून राहिली. जमत नसन तं आजच सांगा. पोरीचा डोळा एक डाव वाचला, डाव-डाव नाई वाचत.”
येतो म्हणालो.
त्या गेल्यावर राजीनामा लिहिला. हिने वाचला. “द्या खुशाल. पण जेवायला चला. चिटणीस नसलेल्यांनाही बोलावलं आहे त्यांनी.”

४ डिसेंबर, रविवार. सकाळी नऊ
पित्त नाही. ताप नाही. सुतक नाही, नातेवाईक सगळे ठणठणीत आहेत. ही तयार होऊन दारात उभी.

खरे लिहितो. पंगतीच्या दिवशी पोटात कावळे ओरडत होते. पान समोर होते, जागा रिकामी होती, आणि माझे पाय वाकले नाहीत. पंधरा वर्षांची भाषणे जवळ असून वाकले नाहीत.

आज वाकतील. घासही उचलीन, गिळीन. रत्नमालाबाई होकार देतील, पाळणाघर उभे राहील. पण तो घास घशाखाली उतरताना माझा चेहरा कसा होईल, हे माझ्या हाती नाही. रत्नमालाबाईंना कदाचित दिसणार नाही. मैनाबाई वाढायला समोरच असतील, त्यांना दिसेल.
मला भीती त्याची वाटते.