विटेचा दूरप्रभाव

३ फेब्रुवारी, सोमवार

नवी वही. ही फक्त माझ्यासाठी. बायकोने आपणहून सांगितलं की ती वाचणार नाही. मी विचारलंही नव्हतं.

आज भट्टीतून वडी निघाली. माती, कोळशाची पूड आणि एक क्षार (नाव इथेही लिहीत नाही). हिरवट करडी, साबणाच्या वडीपेक्षा जरा मोठी, अंगभर बारीक छिद्रं. शास्त्रीय नाव : त्रिकार्यी सच्छिद्र वडी. बायको ‘वीट’ म्हणाली. विज्ञानाला घरातून एवढाच पाठिंबा.

ही तीन कामं करणार. घाण पाणी शुद्ध करणार, काँक्रीटच्या भेगा बुजवणार आणि माझ्या कोपरांवरचे चट्टे घालवणार. आमच्या संस्थेत हे तीन विषय तीन मजल्यांवर बसतात आणि जिन्यात भेटले तरी एकमेकांना ओळख दाखवत नाहीत. मी एकटा तिन्ही मजले एका विटेत आणतोय. (वडीत.)

चट्ट्यांचं असं आहे की माझ्या शरीराची संरक्षणयंत्रणा माझ्याच कातडीला शत्रू समजते. ऑफिसात वीस वर्षं काढल्यामुळे मला त्याचं विशेष वाटत नाही.

संकल्प : रोज सकाळी सातला प्रयोगशाळेत. डॉक्टरांचं मलम आजपासून बंद, नाहीतर सगळं श्रेय मलम घेऊन जाईल. जिभेवर ताबा.

४ फेब्रुवारी, मंगळवार

साडेनऊला पोचलो. थंडी होती. शिवाय संकल्पाचा पहिला दिवस धरत नाहीत.

संचालकांनी बोलावलं. म्हणाले, तीन वर्षांत तुमच्याकडून एकही निष्कर्ष नाही. चोवीस मार्चला आढावा समिती येणार. तोवर काही दाखवलं नाही तर माझी खोली जाणार. दुसरा मजला, दोन खिडक्या, स्वतःचं सिंक. मला तळघरात जुन्या अहवालांच्या खोलीत बसवतील. तिथे खिडकी नाही, आणि दार आपोआप बंद होतं.

खोलीवर डोळा आहे उंदीरवाल्या मॅडमचा. त्या शेजारच्या खोलीत नऊ वर्षं उंदरांच्या सांधेदुखीवर काम करतात आणि अजूनही ‘निष्कर्ष काढणं घाईचं होईल’ म्हणतात. उंदरांना कंटाळा येत असेल.

बायकोला मलम बंद केल्याचं सांगितलं. मलम सोडलं तर दुखणं सांध्यांत उतरेल असं डॉक्टरांनी तिच्या मनात भरवून ठेवलंय. बराच वेळ माझ्या कोपराकडे बघत बसली. मग माझ्या कोल्ड क्रीमची डबी कुठे असते ते विचारलं. विषय बदलायची तिची जुनी सवय.

६ फेब्रुवारी, गुरुवार

प्रयोग सुरू. एक, काचेच्या टाकीत मागच्या नाल्याचं पाणी, त्यात वीट. दोन, काँक्रीटचा ठोकळा, हातोडीने भेग पाडलेला, वर विटेचा तुकडा. खोलीत जागा नाही म्हणून बाहेर पॅसेजमध्ये ठेवला. तीन, विटेचा आणखी एक तुकडा शर्टाच्या उजव्या बाहीत कोपराजवळ शिवून घेतला. शिंप्याने दोनदा विचारलं, नक्की ना. मोठ्या शोधांच्या वेळी शिंपी असंच विचारतात.

उद्या सातला. नक्की.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

पावणेदहा. गजर वाजला होता, पण फार हळू.

टाकीतलं पाणी स्वच्छ! एका दिवसात! टाकीखाली अंथरलेला पेपर आरपार वाचता येतोय. टाकीखालची फरशी थोडी ओली. बाष्पीभवन.

सफाईच्या मावशी म्हणाल्या, साहेब, टाकीला फार वास येत होता. मी म्हटलं, येत होता, आता येतोय का? नाही म्हणाल्या. याहून मोठी साक्ष कोणती? त्या पुढे काहीतरी सांगत होत्या, पण मी नोंदी करत होतो.

१२ फेब्रुवारी, बुधवार

ठोकळ्याची भेग बुजली. बोट फिरवून पाहिलं, गुळगुळीत. भरून आलेला भाग फिकट रंगाचा आहे. नवे स्फटिक असणार. ओलसर लागतात.

पॅसेजमध्ये डागडुजी करणाऱ्या गवंड्याला जवळ बोलावून दाखवलं. म्हटलं, बघून घे, यापुढे तुझं काम इमारती स्वतःच करतील. त्याने बघितलं, कडेने अंगठा फिरवला आणि बरं झालंय म्हणाला. मग घमेलं उचलून निघून गेला. वाईट वाटलं असेल. जिभेवर ताबा ठेवायला हवा होता.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

उजव्या कोपराचा चट्टा फिका पडतोय! बायकोला दाखवला. हसली. म्हणाली, रोज क्रीम लावायचं विसरू नका हं, कातडी कोरडी पडते. क्रीमला हल्ली दवाखान्याचा वास येतो. कंपनीने बदललं असेल.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

उंदीरवाल्या मॅडम आल्या. टाकी पाहिली, ठोकळा पाहिला, कोपर पाहिला आणि विचारलं, कंट्रोल कुठे आहे? म्हणजे शेजारी बिनविटेची टाकी ठेवा, बिनविटेचा ठोकळा ठेवा, वीट नसलेला कोपर तपासा, आणि फरक दाखवा. ही बाई मला पाण्यात पाहते. पण म्हणणं रास्त होतं, म्हणून मला आधीच सुचलं होतं असं सांगितलं.

जाताना म्हणाल्या, सर, एकदा सकाळी सातला येऊन टाकीपाशी बसा. हिला माझा संकल्प कसा कळला?

२४ फेब्रुवारी, सोमवार

बिनविटेची टाकी मांडली. बिनविटेचा ठोकळा मांडला. डावा कोपर होताच.

आजही सातला जमलं नाही. सोमवार होता.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळ वाईट गेली. बिनविटेच्या टाकीतलं पाणीही स्वच्छ. बिनविटेच्या ठोकळ्याची भेगही बुजलेली. घाईने बाही वर केली, डाव्या कोपराचा चट्टाही फिका. खुर्चीत बसलो.

दुपारी कँटीनच्या रांगेत उभा असताना एकदम उलगडा झाला. वीट लांबूनही काम करते! स्पर्शाची गरजच नाही. मॅडम माझा फुगा फोडायला आल्या होत्या आणि त्यांच्यामुळे विटेचा चौथा गुण हाती लागला. याला नाव दिलं : दूरप्रभाव.

मॅडमना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. नंतर सातलाच या, असं पुन्हा म्हणाल्या.

५ मार्च, बुधवार

दूरप्रभावाची हद्द मोजतोय. मोजपट्टी घेऊन फिरलो. पॅसेजच्या भिंतीवरच्या सगळ्या भेगा गेल्या आहेत. साडेअकरा मीटर. जिन्यातली वर्षानुवर्षांची मोठी भेग गेली. एकोणीस मीटर. कँटीनच्या पिंपातलं पाणी आरशासारखं. सव्वीस मीटर. गवंडी जिन्यात पायऱ्यांवर बसून डबा खात होता. त्याच्याकडे बघवलं नाही.

नकाशा काढला. वीट मध्यभागी, भोवती वर्तुळं. बायको म्हणाली, छान आलंय. मग म्हणाली, अहो, चोवीस तारखेला सगळ्यांसमोर फार बोलू नका. मी म्हटलं, बोलणार विज्ञान आहे, मी नाही.

१४ मार्च, शुक्रवार

समितीचं पत्र. प्रात्यक्षिक हवंय. सतरा तारखेला बैठकीच्या हॉलमध्ये टाकी आणि ठोकळा ठेवायचे, हॉलला कुलूप लावून वर लाखेची मोहोर, किल्ली अध्यक्षबाईंकडे. सात दिवसांनी सगळ्यांसमोर उघडायचं. कोपराचे फोटो दोन्ही दिवशी काढायचे.

ही कल्पना मॅडमची, संचालकांनीच सांगितलं. मला आनंद झाला. कुलपाने वीट थोडीच अडणार?

१७ मार्च, सोमवार

हॉल बंद झाला. मोहोर लागली. आत नाल्याचं ताजं पाणी, खास सर्वांत घाण निवडून आणलेलं. ठोकळ्यावर मी दोन जादा घाव घातले. फोटोत कोपर लहान मुलासारखे दिसतात.

मावशी दाराशी घुटमळत होत्या. किल्ली द्या तरी म्हणाल्या, सात दिवस असं ठेवू नका. मी त्यांना मोहोरेचं महत्त्व समजावलं. त्यांच्या चेहऱ्यावर चिंता दिसली. मलाही थोडं भरून आलं. संस्थेत माझ्यासाठी काळजी करणारं कोणीतरी आहे.

बायको तिच्या बहिणीकडे गेली, आठवड्यासाठी. निघताना माझ्या क्रीमच्या डबीत डोकावली आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात रिक्षा आली.

१९ मार्च, बुधवार

क्रीम संपलं. नवी डबी आणली. पुन्हा जुनाच गुलाबाचा वास. कंपनीचं काही खरं नाही.

गवंड्याचं काम संपलं म्हणे. आज दिसला नाही.

२२ मार्च, शनिवार

उजव्या कोपराला खाज. डाव्याला जास्त. बाहीतला तुकडा फारच लहान; मुख्य वीट हॉलमध्ये आहे, घर तिथून चार किलोमीटर. हद्दीबाहेर. समितीला हे समजावून सांगावं लागेल. नकाशा मोठा करून घेतला.

हॉलच्या दाराशी कसलासा वास. रंगकाम चालू असेल कुठेतरी.

उद्या रविवार. परवा सातला पोचायचंच. भाषण पाठ आहे.

२४ मार्च, सोमवार, संध्याकाळ

लिहावंसं वाटत नाही. पण लिहितो.

नऊ चाळीसला पोचलो. सगळे हॉलपाशी थांबले होते. अध्यक्षबाईंनी मोहोर तोडली, दार उघडलं आणि दोन पावलं मागे आल्या. वासाने संचालकांच्या डोळ्यांत पाणी आलं. टाकीतलं पाणी काळंकुट्ट झालं होतं आणि त्यात काहीतरी पोहत होतं. ठोकळा उचलायला गेलो तर त्याचे दोन तुकडे झाले, एक माझ्या बुटावर पडला. कोपरांचे फोटो काढले. फोटोवाला म्हणाला, साहेब, जरा हात दूर धरा.

मी नकाशा उलगडला. अंतराचं समजावू लागलो. अध्यक्षबाईंनी शांतपणे विचारलं, वीट टाकीच्या आतच आहे ना? मी हो म्हटलं. आणि नकाशाची परत घडी घालू लागलो.

तेवढ्यात मावशी बादली घेऊन पुढे आल्या.

“साहेब, मी रोज सकाळी सातला पाणी बदलत होते,” त्या म्हणाल्या. “दोन्ही टाक्यांचं. वास यायचा ना. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पण तुम्ही लिहीत होता.”

संचालकांनी बांधकाम विभागात फोन लावला. तिकडून कळलं की दिसेल ती भेग भर असा गवंड्याला हुकूम होता. त्याने भरल्या. ठोकळेही भरले. कोणी नको म्हणालं नव्हतं.

कोपरांचं कोणी विचारलं नाही. ते मीच बायकोला फोन करून विचारलं.

“डबीत मलम भरत होते मी,” म्हणाली. “भांडून तुम्ही लावलं असतं का?”

नाही, म्हटलं. खरं तेच सांगितलं. आजच्या गाडीने निघते म्हणाली.

२७ मार्च, गुरुवार

समितीचा अहवाल आला. माझ्या दोन महिन्यांच्या नोंदींतून एकच गोष्ट निःसंशय सिद्ध होते असं लिहिलंय : संस्थेतली सफाई आणि डागडुजी उत्तम दर्जाची आहे. मावशी आणि गवंडी, दोघांना प्रशस्तिपत्र. खोली मॅडमना. मला तळघर.

मॅडम भेटायला आल्या. वाटलं, आता सुनावतील. त्या एवढंच म्हणाल्या की पहिल्या वर्षी त्यांचे उंदीर बरे होत होते, कारण रखवालदार त्यांना स्वतःच्या डब्यातलं खायला घालायचा. तेव्हापासून त्या सातला येतात. हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. खिडकीपाशी जरा वेळ आम्ही दोघं उभे होतो. बाई वाईट नाही.

घरी बायकोने मलमाची ट्यूब उघडपणे टेबलावर ठेवली. मी बाह्या वर केल्या.

३१ मार्च, सोमवार, सकाळी ७.०५

ऑफिसात आहे. सातला. खोलीची किल्ली द्यायची होती म्हणून, बाकी काही नाही.

सातला इथे बरंच काय काय चालतं. मावशी माझ्या आधी आलेल्या. तळघर झाडून झालेलं, टेबल पुसलेलं.

वीट तळघराच्या दाराला लावून ठेवली. दार बंद झालं नाही. पाच मिनिटं बघत बसलो, हललंही नाही. विटेचा पाचवा गुण. वहीत नोंद केली, खाली रेघही मारली.

मग कंट्रोल म्हणून वीट काढून घेतली. दार तसंच उघडं राहिलं.

दूरप्रभाव असं लिहायला घेतलं होतं. पेन खाली ठेवलं, उठलो आणि दारामागे जाऊन पाहिलं. मावशींनी दोरीने कडी खिळ्याला बांधून ठेवली होती.