वाहिनीवर एकेचाळीस नोटिसा

३ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी ६.४०

काल सायंकाळी एका वाहिनीवरून फोन आला. बोलणारी तरुणी, आवाज अदबशीर. आमच्या इमारतीतील माझ्या नोटिसांचे फोटो त्यांच्यापर्यंत पोहोचले असून त्यांवर माझी सविस्तर मुलाखत घ्यावयाची आहे, असे म्हणाली. फोटो कोणी पाठवले ते सांगता येत नाही म्हणे. कोणी हितचिंतक असणार.

अकरा वर्षे मी या इमारतीचा चिटणीस आहे. नोटिसा एकेचाळीस. प्रत्येक क्रमांकित, दिनांकित, सहीनिशी. बत्तीस बिऱ्हाडांपैकी एकालाही त्यांचे मोल कळले नाही. बाहेरच्यांना कळले.

निवडणूक सोळा तारखेला. इतक्या वर्षांत प्रथमच माझ्याविरुद्ध कोणी उभे आहे: तळमजल्यावरचा दंतवैद्य. मुलाखत पंधराला, म्हणजे नेमकी आदल्या दिवशी दाखवणार. संपला दंतवैद्य.

संकल्प: मुलाखतीत कोणावरही वैयक्तिक टीका करावयाची नाही. दंतवैद्य अपवाद.

४ ऑक्टोबर, मंगळवार

सौ.ला बातमी दिली. कार्यक्रमाचे नाव विचारले, सांगितले. ती अभिनंदन न करता आत गेली आणि थेट मुलीला फोन लावला.

पाच मिनिटांत मुलीचा मला फोन. "बाबा, तो थट्टेचा कार्यक्रम आहे. ती बाई चेहरा गंभीर ठेवून माणसाला बोलतं करते आणि सगळे त्याला हसतात. नका ना जाऊ, प्लीज."

मी शांतपणे समजावले की विनोदी कार्यक्रमाला समतोलासाठी एखादा गंभीर माणूस लागतोच.

"बाबा, तो गंभीर माणूस हाच विनोद असतो."

हिचे शिक्षण मार्केटिंगचे. मूळ वाणिज्याचा पाया कच्चा राहिला की असे होते.

६ ऑक्टोबर, गुरुवार

वाहिनीचे संमतिपत्र आले. तीन वेळा वाचले. घोर निष्काळजीपणा: नऊ क्रमांकाची कलमे दोन! त्यांतील दुसरे असे: "मुलाखतीचा उपयोग उपहासात्मक हेतूने करण्यात येईल व त्याबद्दल पाहुण्यांची कोणतीही तक्रार राहणार नाही." तत्काळ फोन करून त्याला दहा क्रमांक द्यायला लावला. पुढची सगळी कलमेही एकेकाने सरकवून घेतली. सुधारित प्रत आल्यावरच सही केली. लोक डोळे मिटून सह्या ठोकतात. मी त्यांतला नाही.

ऑफिसात शनिवारची रजा मागितली. विभाग बंद झाल्यापासून रेकॉर्ड रूममध्ये मी एकटाच. माझ्यामागे काम कोण पाहील, असे साहेबांना विचारले. "कुठलं काम?" असे साहेब म्हणाले. माणूस थट्टेखोर आहे.

असो. सहीला वजन असणारी एक जागा मला अजून आहे, आणि ती कोणा दात उपटणाऱ्याला मी मिळू देणार नाही.

८ ऑक्टोबर, शनिवार. दुपारी ३.१५

चित्रीकरण पार पडले. जिन्यातच. निवेदिका चाळिशीच्या आतली, करडा कोट, चुकूनही न हसणारी. प्रथमदर्शनीच आदर वाटला.

नोटीस क्र. १२ (लिफ्टमध्ये उभे राहण्याचा क्रम: वरचे मजले मागे, खालचे पुढे) मी प्रात्यक्षिकासह समजावली. मग क्र. २७: जिन्यात उभे राहून बोलण्याची कमाल मर्यादा तीन मिनिटे. तिने विचारले, "आणि चौथ्या मिनिटाला एखाद्याला रडू आलं तर?"

"लेखी अर्ज," मी म्हणालो. "रडण्यापूर्वी."

कॅमेरावाला भिंतीकडे तोंड करून गदगदा हलत होता. दमा असावा. पाणी देऊ केले, तर आणखीच हलू लागला.

शेवटी क्र. ४१: दारासमोर पादत्राणांचे कमाल चार जोड. याची अंमलबजावणी शेवटची कधी केलीत, असा तिचा प्रश्न. मी खरे तेच सांगितले. पहिल्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंचे यजमान ऑगस्टमध्ये वारले. भेटायला माणसांची रीघ. दाराबाहेर चपलांचे एकोणचाळीस जोड. स्वतः मोजले.

"म्हणजे त्याच दिवशी तुम्ही बाईंना नोटीस दिलीत?"

"छे! दुसऱ्या दिवशी. चोवीस तासांची सवलत आपल्याच नियमात आहे. मी निर्दय नाही."

यावर ती अकरा सेकंद काहीही बोलली नाही. घड्याळ समोरच होते. समोरच्याला इतके निरुत्तर करण्याचा योग आयुष्यात क्वचित येतो.

१२ ऑक्टोबर, बुधवार

दंतवैद्याने लिफ्टपाशी गाठले. "सेक्रेटरी, अजून वेळ आहे. फोन करा आणि थांबवा ते. निवडणुकीचं सोडा, माणूस म्हणून सांगतोय."

टरकला! मी म्हणालो, "डॉक्टर, दिवसभर लोकांना तोंड उघडायला सांगता. मला मात्र बंद ठेवायला सांगताय."

"बरं," एवढेच बोलून गेला. इतके नेमके उत्तर मला जागच्या जागी सुचले याचे मलाच आश्चर्य वाटले. सौ.ला सांगितले. तिने पुन्हा एकदा, थांबवा म्हणून विनवले. घरातच फितुरी.

१५ ऑक्टोबर, शनिवार. सायंकाळी ७.५०

मुलाखत दाखवली. प्रत्येक बिऱ्हाडात तोच कार्यक्रम लागलेला. आवाज जिन्यातून वर येत होता. लोक मनमुराद हसत होते. "रडण्यापूर्वी" या माझ्या उत्तराला तर वरच्या मजल्यावर टाळ्या. निवेदिकेची फजिती सगळ्यांच्या लक्षात आली तर.

क्र. ४१ आली आणि इमारत एकदम चिडीचूप. पहिल्या मजल्यावर कोणीतरी टीव्ही बंद केला. सौ. उठून गॅलरीत गेली. मुद्दा पटला की माणसे गप्प होतात.

एकूण सतरा फोन. मेहुणा म्हणाला, "भावोजी, पोट धरधरून हसलो! पण ते चपलांचं... ते बोलायला नको होतं हो." मत्सर. त्याला आजवर साध्या वाढदिवसाच्या व्हिडिओतही कोणी घेतलेले नाही.

मुलीचा फोन नाही. बिझी असेल.

अंदाज: मला बावीस, दंतवैद्याला दहा.

१६ ऑक्टोबर, रविवार. दुपारी १.००

मतदान खालच्या हॉलमध्ये. शिक्षिकाबाई आल्या. दाराशी चपला काढल्या, मला पाहिले, आणि त्या पुन्हा उचलून पिशवीत घातल्या. पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. नोटिशीचा परिणाम दोन महिन्यांनंतरही टिकून आहे, हे मी शेजारच्याच्या निदर्शनास आणून दिले. तो उठून दुसऱ्या खुर्चीवर गेला.

दंतवैद्य: एकतीस. मी: एक.

फेरमोजणीची मागणी केली. झाली. एकतीस. एक. मतपत्रिकांच्या घड्या नियमाप्रमाणे नव्हत्या, असा लेखी आक्षेप नोंदवू लागलो तेव्हा दंतवैद्य म्हणाला, "नोंदवा. वाट बघतो आम्ही." सगळे खरोखरच बसून राहिले. कोणी हसत नव्हते. दोन ओळी लिहून मी कागद खिशात घातला.

कृतघ्न लोक. सहा महिन्यांत लिफ्टमध्ये हाणामाऱ्या होतील, तेव्हा दंतवैद्य माझे पाय धरील.

१७ ऑक्टोबर, सोमवार. सायंकाळी ६.३०

किल्ल्या सुपूर्द केल्या. पोच घेतली.

वाहिनीने कापाकापी करून माझे म्हणणे विकृत केले, अशी तक्रार करावयाचे ठरवले. पुराव्यासाठी मुलाखत पुन्हा लावली. कापलेले काहीही सापडले नाही.

सौ. मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, "बाकीचं मीही हसले, खोटं कशाला बोलू. पण तुम्ही चोवीस तास म्हणता ना, तिथे थांबवा. आणि स्वतःकडे नका बघू. तिच्याकडे बघा."

थांबवले. निवेदिकेची मान खाली. पुढचा प्रश्न वाचत असावी, असा माझा समज होता. तिच्या हातात कागदच नव्हता.

टीव्ही बंद केला. मग चहा न घेताच पहिल्या मजल्यावर उतरलो. काय बोलावयाचे ते ठरवून गेलो होतो. वाक्ये दोनच होती. बेल दाबली.

शिक्षिकाबाईंनी दार वीतभर उघडले. मला पाहून त्यांनी आधी उंबऱ्याबाहेर नजर टाकली, डावीकडे, उजवीकडे. बाहेर काहीच नव्हते.

"आता काय राहिलंय बाहेर?" त्यांनी विचारले.

"काही नाही," मी म्हणालो.

"मग?"

दोन्ही वाक्ये आठवेनात. त्या दार धरून उभ्या होत्या. मी वर आलो.