खांब नंबर चार

१ ऑक्टोबर, बुधवार
आजपासून रोज लिहायचं. आजपासून तळलेलंही बंद.
वाळूच्या दांड्याचा नकाशा काढायचं काम माझ्याकडे आलं. कॅस्पियन समुद्र मागे हटतोय, आणि आपल्या बाजूला सील विसाव्याला येतात अशी ही एवढी एकच जागा उरली आहे. अकताऊच्या मुख्य ऑफिसातून रौशन मॅडमचा फोन. १४ नोव्हेंबरला कमिटी येणार. नकाशा तयार असेल आणि दांड्यावर सील दिसतील, तर अभयारण्य. नाहीतर रिसॉर्टवाले टपलेलेच आहेत. मी म्हटलं, पंधरा दिवसांत देतो.
आज दोनशेच्या आसपास सील होते. नुसते लोळत होते. त्यांच्याकडे बघून मला बरं वाटतं. एरवी फारसं काही वाटत नाही.

४ ऑक्टोबर
दांड्यावर मोजणीचे खांब रोवले. लांबून दिसेनात. ऑफिसातली लाल फीत संपली आहे, म्हणून आईची जुनी पांढरी चादर फाडून प्रत्येक खांबाला चिंध्या बांधल्या. जुगाड नाही, उपलब्ध साधनांचा वापर.
ड्रायव्हर सामात म्हणतो, काय रे शास्त्रज्ञ, पीर पुरलास की काय इथे? चार नंबरचा खांब रस्त्याला लागून आहे. परतताना त्याने तिथे गाडी हळू केली आणि कबरीसमोरून जाताना फिरवतात तसे दोन्ही तळहात तोंडावरून फिरवले. मागच्या ट्रकवाल्याने ते बघितलं. त्यानेही फिरवले. सामात हसून हसून बेजार. मला यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

१० ऑक्टोबर, शुक्रवार
चार नंबरवर आणखी कापडं. एक निळं, एक फुलाफुलांचं, एक मोजा. वाऱ्याने उडून अडकली असणार. गाठी पक्क्या आहेत, पण इथला वाराही साधा नाही.
दोन बायकांनी शुक्रवारचे शेलपेक दिले, गरमागरम, तेलात तळलेल्या पोळ्या. मेलेल्या माणसांच्या नावाने दिलेलं नाकारता येत नाही. बरेच खाल्ले. सोमवारपासून बंद.
नकाशा: समास आखून झाले.

१७ ऑक्टोबर
खांबापाशी गाड्यांची रांग. लोकांनी मेंढी कापली. मॅडमना कळवलं, स्थानिकांचा सहभाग वाढतो आहे. मॅडम खूश.
सामात म्हणतो, अरे बाबा, उपट तो खांब आणि मोकळा हो! त्याला समजावलं, खांब हलला की सगळी मोजमापं हलतात, शास्त्रात असं उतावीळपणे चालत नाही. उपटणार आहेच. सोमवारी.
सील चाळीसेक. ऊन जास्त आहे.

२४ ऑक्टोबर
सोमवारी जमलं नाही. आज गेलो. खांबाला हात घालणार, तर समोर आई! शेजारणींबरोबर टॅक्सी करून आलेली. म्हणाली, सीलबाबांनी बोलावलं बघ तुला! बाबा फार कडक आहेत म्हणे, समुद्रातली जनावरंसुद्धा दर्शनाला यायची. तिने डोक्याचा रुमाल सोडून खांबाला बांधला आणि माझ्यासाठी मागितलं. बायको, आणि पक्की नोकरी. मग पांढरी चिंधी डोळ्यांना लावून म्हणाली, कापड किती जुनं आहे बघ, बाबांचं कफनच असणार.
तिची चादर. सांगणार होतो. पण वडील गेल्यापासून तिला एवढी खुशीत पाहिली नव्हती. सांगायचं सोडून दोनदा मेंढीचं बेशबरमाक वाढून घेतलं.
खांब पुढच्या सोमवारी.

३ नोव्हेंबर, सोमवार
कुणीतरी जनरेटर आणलाय. स्पीकर. हाडांसाठी कुत्री.
सील एकच. म्हातारा. तो माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे. हॉर्न वाजला आणि तो पाण्यात गेला.
थंडी वाढली की येतील परत. दरवर्षी येतात. मला काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं, म्हणून लिहून ठेवतो.
आज फार गर्दी होती, खांबाला हात लावता आला नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
नकाशा तयार! आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर. सील दाखवायची जागा मात्र कोरी ठेवावी लागली.
लोकांनी कमिटीला थेट जेवायला दस्तरखानावर बसवलं. अध्यक्षांपुढे मेंढीचं मुंडकं आलं. त्यांनी रीतीप्रमाणे कान कापून पंगतीतल्या सगळ्यांत लहानाला दिला, म्हणजे मला. मी एक्केचाळीस वर्षांचा आहे. दांड्याच्या टोकापर्यंत कुणी गेलंच नाही.
निर्णय जेवतानाच झाला. रिसॉर्ट रद्द. दांड्याला संरक्षण मिळालं, पवित्र स्थळ म्हणून. डांबरी रस्ता, पार्किंग, दिवे. नकाशावर खांब चार ठळक दाखवा म्हणाले. मॅडमनी माझं अभिनंदन केलं. आईला फोन केला, माझी नोकरी पक्की झाली. ती म्हणाली, बघ, मी सांगत नव्हते का!

१७ नोव्हेंबर, सोमवार
ठरल्याप्रमाणे खांब उपटायला गेलो. कुणीतरी बुडाशी सिमेंट ओतलंय. दोन्ही हातांनी ओढला. हलला नाही.
टोकापर्यंत चालत गेलो. वाळूवर त्यांच्या पोटांनी पाडलेले खळगे अजून आहेत. आत पाणी साचलंय. तिथेच खाली बसलो आणि एका खळग्यात हात बुडवला. आजवर इतकं काही वाटलंच नव्हतं.
परत येऊन मफलर सोडला आणि खांबाला बांधला. म्हटलं, सगळे नकोत, तो म्हातारा तरी पाठवा.
गाडीत सामातने विचारलं, काय मागितलंस? म्हटलं, मोजमाप घेत होतो. तो हसला नाही. गाडी सुरू करताना त्याने तळहात तोंडावरून फिरवले.
मग मीही फिरवले.