काळपुळीला चिरा नको

सोमवार, १८ नोव्हेंबर ५७. देवळी.
कापूसवेचणी चालू, दवाखान्यात गर्दी नाही. दुपारी श्रावण आला, पस्तिशीचा शेतकरी. सोबत म्हातारा बाप आणि बायको पार्वता. उजव्या मनगटावर रुपयाएवढा काळा डाग, भोवती पाण्याचे बारीक फोड, सूज कोपरापर्यंत. दाबले तरी दुखत नाही. पू नाही. गळू असते तर हात लावू दिला नसता.
बाप म्हणाला, "काळपुळी हाय बाई. चिरून टाका, मोकळं होईल."
ब्लेड उकळायला टाकले होतेच. तेवढ्यात पार्वता हळूच बोलली, "मागल्या हप्त्यात बैल मेला आमचा. उभ्या उभ्या पडला. नाकातून रगत."
कातडे कुणी काढले? श्रावणने मान खाली घातली. गाव ज्यांच्यावर हे काम लादत आले, त्यांनी ते सोडले. बरे केले. मग यानेच काढले.
ब्लेड बाजूला ठेवले. बैल फाशीने, म्हणजे अँथ्रॅक्सने, गेला असेल तर ही पुळी त्याचीच, आणि चिरणे म्हणजे जंतूंना रक्ताची वाट करून देणे.

फाशीचे जंतू कॉलेजात एकदाच पाहिलेत, तेही रांगेत उभी राहून. फोडातले पाणी दोन काचांवर घेतले. पहिली ग्रॅमच्या रंगांनी रंगवली. जांभळ्या जाड काड्या, टोके सपाट, एकीपुढे एक. पण मातीतले निरुपद्रवी जंतूही असेच दिसतात, आणि हा मातीतला माणूस. दुसऱ्या काचेला जुना, मुरलेला मेथिलीन ब्लू. काड्या निळ्या, भोवती गुलाबी वेष्टण; ते फाशीच्याच जंतूंना असते. मला हवे म्हणून दिसतेय का? कंपाउंडर भाऊरावांना काही न सांगता बघायला लावले. "निळं हाय बाई. अन् भवताल गुलाबी."
फाशी. पेनिसिलिन सुरू केले. उरलेले पाणी घेऊन भाऊराव नागपूरच्या प्रयोगशाळेकडे निघाले.

मंगळ, १९.
सूज दंडावर. ताप. कातडे अजून गोठ्यातच होते. पार्वताच्या दिराला सांगून खोल पुरले, वर चुना. तो कुरकुरला, पण पुरले.
भा. परतले. नागपूरचे उत्तर यायला वेळ लागेल म्हणे.

बुध, २०.
नवीन काच केली. पूर्ण पाहिली, पुन्हा पाहिली. एकही काडी नाही. पेनि. लागू पडते आहे. आणि डाग मात्र कालच्यापेक्षा मोठा, सूज खांद्यापर्यंत! विष आधीच पसरलेले असते, जंतू मेले तरी सूज चढते, असे वाचलेले. पण हे म्हाताऱ्याला कसे सांगू? मलाच पटवावे लागतेय.
त्याने दारात बंडी जुंपून आणली. "हात सडून राह्यला पोराचा, अन् तुमी काचेत पाहून राह्यल्या! चिरत काऊन नाई?"
"चिरला तर जिवावर बेतेल."
"अन् नाई चिरला तं?"
माझे चुकले असेल तर या माणसाचा हात…
श्रावणच म्हणाला, "बाबा, मी कुठं येत नाई. बाईवर भरोसा हाय माहा." पार्वता खाटेसमोर उभी राहिली, हलली नाही. म्हातारा एकटाच बंडी घेऊन गेला. भरोसा हा शब्द दिवसभर टोचतोय.

शुक्र, २२.
ताप उतरला. दंडावरच्या कातडीला सुरकुत्या, म्हणजे सूज ओसरतेय. काळी खपली कोरडी. श्रा.ने भाकर मागून खाल्ली. पार्वता पदर तोंडाला लावून हसली की रडली, कळले नाही. मी आत जाऊन खुर्चीवर नुसती बसले.
म्हातारा तेव्हापासून फिरकलेला नाही. रागावला असेल.

रवि, २४.
रागावला नव्हता. आज दोघे जण त्याला धरून घेऊन आले. तोंडाला धोतराचे फडके गुंडाळलेले. सोडले. जबड्याखाली काळा डाग, मधोमध उभी चीर. मान आणि छाती एकजीव सुजलेली.
"बैल सोलाले मीबी व्हतो बाई. पोराच्या वक्ती बोललो नाई. मंग न्हाव्याकडून चिरून घेतली."
पेनि. दिले, पुढचे इंजेक्शन काढून ठेवले. श्वास घरघरतोय. वर्ध्याला न्यायला मोटार मिळते का ते पाहायला भा. बाजारात गेलेत. श्रावण स्वतःच्या खाटेवरून उठून बापाच्या पायाशी बसलाय. म्हाताऱ्याने मला जवळ बोलावले. आवाज नीट फुटत नव्हता.
"मायी काच केली काय बाई?"
केली, म्हटले. वाळतेय.