शमाया हे नाव ठेवताना

प्रिय सौ. हन्ना यशवंत गायकवाड,

तुझ्या नावाआधी 'कै.' लिहून पाहिले. हात चालला नाही. तेव्हा पूर्ण नाव तसेच ठेवले आहे, दवाखान्यातल्या तुझ्या ओळखपत्रावर होते तसे.

हे पत्र आजच लिहिण्यास कारण आहे. सांगलीतले हे क्वार्टर आपल्याला तुझ्या नोकरीमुळे मिळाले होते. ते आज रिकामे करावयाचे आहे. सामान सकाळीच टेम्पोने कराडजवळच्या मलकापूरला, आपल्या मुलीकडे गेले. मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर कागद ठेवून उभ्याने लिहितो आहे. आणि दुसरे कारण हे, की गेल्या रविवारी आपल्या नातीचा बाप्तिस्मा झाला आणि तिचे नाव मी सुचवले. तुझे काम मी केले, हन्ना! ते बरोबर झाले की नाही, हे आता कोणाला विचारू?

या ओट्यासमोरचे मागचे दार तू कधी लावू दिले नाहीस. प्रसूती विभागातली तुझी कामाची पाळी संपली तरी बायका बाळाला घेऊन याच दाराने येत. 'सिस्टर, बायबलमधलं एखादं चांगलं नाव सांगा.' मी आतल्या खोलीत उत्तरपत्रिका तपासत असे. दार लावावे, असे मी किती वेळा सुचवले. तू म्हणायचीस, "अहो, नाव मागायला आलेल्या बाईला कडी वाजवायला लावू नये."

तासगावचे ते द्राक्षबागवाले आठवतात? मुलाचे नाव इखाबोद ठेवणार म्हणून पेढे घेऊनच आले होते. "नाव कसं दणदणीत हाय, सिस्टर!" त्या नावाचा अर्थ 'वैभव गेले' असा आहे, हे तू सांगितलेस तेव्हा गृहस्थांनी पेढ्यांचा पुडा परत जवळ ओढला. मग तू तुझा नेहमीचा प्रश्न विचारलास: बाळाला पाहून आई पहिल्यांदा काय बोलली? ती बिचारी पदराआडून म्हणाली, "सुटले गं बया, म्हणाले." तू त्या मुलाचे नाव नोहा ठेवलेस. नोहा म्हणजे विसावा.

जुन्या करारातल्या आया असेच करीत, असे तू मला समजावले होतेस. लेआ म्हणाली, पाहा, मुलगा. आणि त्याचे नाव रऊबेन झाले. तुझ्या नावाची ती हन्ना म्हणाली, मी याला मागून घेतले. तिच्या मुलाचे नाव शमुवेल. "नाव शोधायचं नसतं, ऐकायचं असतं," असे तू म्हणत असस. मी रसायनशास्त्राचा प्राध्यापक. मला ही पद्धत अशास्त्रीय वाटे.

तरी आपल्या मुलीच्या वेळी तू माझेच शब्द धरलेस. तू ग्लानीत होतीस आणि मी बोललो होतो, "मला अत्यंत आनंद झाला आहे." बक्षीस समारंभात आभार मानावेत तसे! तू हसलीस, टाके दुखतात म्हणालीस, आणि तिचे नाव अबीगईल ठेवलेस. पित्याचा आनंद.

पण नातीचे नाव ठेवण्याआधीच का गेलीस? थोडे थांबता आले नसते का? ती तुझ्यामागून महिन्याभरात आली. कराडच्या दवाखान्यात सर्वांनी माझ्याकडे पाहिले, जणू तू जाताना नाव माझ्या खिशात ठेवून गेली होतीस.

उंब्रजच्या विहीणबाईंनी सुचवले, तुझेच नाव ठेवावे. मी नाही म्हटले. हन्ना म्हणजे कृपा. जी माझ्याकडून काढून घेतली गेली, तिला मी दिवसातून शंभरदा हाक कशी मारू? मग मी कोश घेऊन बसलो. जो अर्थ पाहावा तो मला खोटा वाटे. शेवटी मी म्हटले, मारा ठेवू. जुन्या करारातल्या नामीचे सारे घर गेले तेव्हा ती म्हणाली होती, मला मारा म्हणा. मारा म्हणजे कडू.

विहीणबाई नातीला मांडीवर झोपवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"आवं ईवाई, कडू तुमी झालायसा. पोरीला कशापायी करता?"

अबीगईल उठून आत गेली. मी तिच्यामागे गेलो. तुझाच प्रश्न तोंडात आला. बाळाला पाहून तू पहिल्यांदा काय बोललीस?

तिने हातातल्या दुपट्याची घडी घातली. मग म्हणाली, "नर्सला म्हटलं, आईला सांगा, पोरगी खणखणीत रडतेय. विसरलेच होते, पप्पा. नर्स हो म्हणाली आणि गेली."

हन्ना, तुला कोणी सांगितले का? तू ऐकलेस का?

नाव मला त्याच क्षणी कळले. शमाया: परमेश्वराने ऐकले. आणि तेच नाव माझ्याने उच्चारवेना. मी अबीगईलला स्पष्ट सांगितले की हे संदेष्ट्याचे, पुरुषाचे नाव आहे. आणि शिवाय, अतिदक्षता विभागाच्या वऱ्हांड्यात मी तुझ्यासाठी जे मागितले ते कोणीही ऐकलेले नाही. असे असताना मी हे नाव कोणत्या तोंडाने देऊ?

"तुमचं नसेल ऐकलं," ती म्हणाली. "पण नाव माझ्या बोलण्याचं आहे, तुमच्या नाही."

विहीणबाई दारातून म्हणाल्या, "बाप्याचं हाय तर आसूं द्या की. तिच्या आवाजाला शोभतंय."

रविवारी पाळकसाहेबांनी नाव विचारले तेव्हा अबीगईलने माझ्याकडे पाहिले. मला सांगावे लागले. माझा आवाज पहिल्या बाकापर्यंतसुद्धा पोहोचला नसावा. पाणी कपाळाला लागताच शमायाने मात्र असा टाहो फोडला की शेवटच्या रांगेतली माणसेही हसली. मी हसलो नाही. मी वर पाहत होतो. तू पाहते आहेस ना, ऐकते आहेस ना, एवढेच पुन्हा पुन्हा मनात म्हणत होतो. उत्तर आले नाही. अजून येत नाही, हन्ना. या रिकाम्या घरात तर मुळीच येत नाही.

तरीही एक वचन देतो. शमाया मोठी होऊन नावाचा अर्थ विचारील तेव्हा कोणी ऐकले, हे मी ठामपणे सांगू शकणार नाही. पण तिची आई काय बोलली आणि कोणासाठी बोलली, ते एक शब्दही न बदलता सांगेन. आणि तेव्हा माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जाईल.

तुझ्या हाकेची अद्याप वाट पाहणारा,
यशवंत

ता. क. पुढच्या दाराला कुलूप लावले. मागचे दारही लावले. कडी गंजली होती, जोर लावावा लागला. दोन्ही किल्ल्या कार्यालयात परत केल्या.